दिशाभान नाही

प्रिय बगळे,

'प्रिय' हा शब्द पत्राच्या डोक्यावर लिहावाच लागतो म्हणून लिहिलाय, त्यावर फार विसंबू नकोस. आणि 'बगळे' म्हटलं म्हणून नाकही मुरडू नकोस. आता तुझ्या नावाआधी काय काय लावतात, तुला भेटायला लोकांना आधी वेळ मागून घ्यावी लागते, सगळं ठाऊक आहे मला. पण माझ्या लेखी तू एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाचा मोजा ओढणारी, स्वतःचा डबा विसरून माझ्यातलं अर्धं खाणारी बगळीच आहेस. मीही तुझ्यासाठी भिंगरीच असेन. फिरायची थांबून जमाना झाला, पण नाव कुठे जातंय.

मी कुठे असते हे वेगळं सांगायला नको. तू मला जिथे सोडून गेलीस तिथेच. तेच विद्यापीठ, तोच नृत्य विभाग, दुसऱ्या मजल्यावरची तीच लांबट खोली. समोरच्या भिंतीला आरसा, बाकी तिन्ही भिंतींना धरून सराव करायचे लाकडी बार, दाराशी राळेचा ट्रे, ज्यात घसरू नये म्हणून बूट घासल्याशिवाय आत पाऊल टाकलं तर आपल्या छडीवाल्या बाई दंडाला धरून मागे ओढायच्या. बाई गेल्या. पियानोवाले काका आहेत, पाठीला पोक आलंय, पण ताल अजून सरळ. सोमवार-बुधवार बॅले, मंगळवार-गुरुवार कंटेम्पररी, आणि मी शिकवते तो मध्यम वर्ग. म्हणजे धड नवशिकीही नाहीत आणि तयारही नाहीत अशी मुलं. कोणी रसायनशास्त्राचं, कोणी कायद्याचं, कोणी वास्तुकलेचं. दिवसभर बाकावर वाकून बसायचं आणि चार वाजता आमच्याकडे येऊन पाठ सरळ करायची. बॅलेच्या दिवशी ती सैल सुटतात, आणि कंटेम्पररीच्या दिवशी जमिनीवर पडा म्हटलं की राजकन्येसारखी मान सांभाळत पडतात. मी त्यांना सांगते, मी जन्मानं मध्यमवर्गीय आणि पेशानंही मध्यम वर्गाचीच. हा विनोद मी दरवर्षी पहिल्या तासाला करते आणि दरवर्षी कोणी हसत नाही. आपल्या वेळचा विनोद बरा होता. मी शेजारणीसमोर आईला म्हटलं होतं, आज दीड तास बारला होते, पाय उचलवत नाहीयेत, आणि शेजारीण आठवडाभर माझ्याकडे कसल्या नजरेनं बघत होती! तू ते ऐकून जिन्यात बसून हसली होतीस. तुझं ते हसू मला आवडायचं, हे खोटं कशाला बोलू.

नवरा माझा दातांचा डॉक्टर. माणूस चांगला आहे. त्याच्या आणि माझ्या धंद्यात एक गोष्ट सारखी आहे, समोरच्याचं उजवं ते आपलं डावं. पेशंटचा उजवा सुळा त्याच्या डाव्या हाताला येतो. मी वर्गासमोर तोंड करून उभी राहते तेव्हा जिभेनं 'उजवा पाय' म्हणते आणि स्वतःचा डावा पुढे टाकते, कारण समोरची पोरं आरशात बघावं तसं बघून उचलतात. जिभेवर उजवा, अंगात डावा. हे रक्तात मुरायला मला दहा वर्षं लागली. त्यामुळे आमच्या घरात कोणी 'उजवीकडचा डबा दे' म्हटलं की आम्ही दोघंही आधी विचारतो, कोणाच्या उजवीकडचा? सासूबाई म्हणतात, दोन शहाणे एका घरात आले की डबा सापडत नाही. त्या हसण्यावारी नेतात. मी नाही नेऊ शकत, आणि का नाही ते तुला माहीत आहे.

तीन महिन्यांपूर्वी तुझा फोन आला. सव्वीस वर्षांनी! मी तेव्हा बुटांच्या टाचा शिवत बसले होते आणि तुझा आवाज ऐकून सुई बोटात गेली. तू म्हणालीस, लेक तुझ्याच वर्गात आली आहे, तिनं मुद्दाम माझं, आईचं, नाव लावलेलं नाही, पण तू जरा लक्ष ठेव. वार्षिक चाचणीतून वरच्या वर्गात गेलीच पाहिजे, कारण तुझ्या नृत्यकंपनीत निवडीला वरच्या वर्गाचीच मुलं बसू शकतात आणि नियम तू स्वतःच केलेला असल्यानं तुला तो मोडता येत नाही. मग गोड आवाजात म्हणालीस, जुनं काही मनात ठेवू नकोस हं, आपण किती लहान होतो. अगं, मी ते मनात ठेवलं होतं, पण तळाशी ठेवलं होतं. तू पळी घालून ढवळलंस.

दुसऱ्या दिवशी मी तिला शोधलं. शोधावं लागलंच नाही. बारला तिसरी, एका पायावर उभी, दुसऱ्या पायाचा मोजा ओढतेय. माझ्या अंगाची आग झाली. वर्गात तिला नाकतोडा म्हणतात, उड्यांवरून. पोरगी हुशार आहे, सांगते. तुझ्यापेक्षा पाठ मोकळी आहे तिची, आणि तुझ्यासारखी चोरून आरशात स्वतःला बघत बसत नाही. चुकली की मोठ्यानं 'चुकले!' म्हणून हसते आणि पुन्हा करते. मी तिच्यात खोट शोधायला महिनाभर घालवला. तिचा खांदा वर जातो म्हणून सगळ्यांसमोर बोलले, तिनं तो खाली आणला. घोटा आत पडतो म्हटलं, ती रोज पंधरा मिनिटं आधी येऊन घोटा बांधायला लागली. तास संपल्यावर काकांच्या पियानोवर कापड घालायला तीच थांबायची. तिच्यावर राग धरणं अवघड होत गेलं, आणि ते अवघड होत गेलं म्हणून तुझ्यावरचा वाढत गेला.

आता ते दिवस आठव. वरच्या वर्गात सहा जागा होत्या. छडीवाल्या बाईंच्या मनातला क्रम सगळ्यांना तोंडपाठ होता, मी पाचवी, तू सातवी. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या आईचं ऑपरेशन झालं आणि मी सहा दिवस इस्पितळात अडकले. त्याच सहा दिवसांत बाईंनी चाचणीचा तुकडा बसवला. बारा जण, चार-चारच्या तीन रांगा, दोन मिनिटांचा नाच. तू बसनं इस्पितळात आलीस, माझ्यासाठी सँडविच घेऊन. वॉर्डाबाहेरच्या बोळात, औषधांच्या ढकलगाडीला वाट देत देत, तू मला तो सगळा तुकडा शिकवलास. सिस्टर दोनदा ओरडून गेल्या, हा दवाखाना आहे का तमाशा. तिथे आरसा नव्हता. तू माझ्यासमोर तोंड करून उभी राहिलीस आणि म्हणालीस, मी तुझ्यासाठी उलटं करून दाखवतेय, तू काही विचार करू नकोस, फक्त माझा आरसा हो. मी झाले. तुझ्या हातापायांवरची नजर काढली नाही. आई पलंगावरून उघड्या दारातून बघत होती. तू गेल्यावर म्हणाली, मैत्रीण असावी तर अशी. माझी आई आता नाही, पण तिचं ते वाक्य अजून माझ्या कानात आहे आणि ते मला बोचतं.

तू उलटं केलंच नव्हतंस. तुझा उजवा तो उजवाच होता, आणि मी आरसा होऊन सगळा तुकडा डावीकडून पाठ केला. चाचणीच्या दिवशी मी इस्पितळातून थेट खोलीत आले, केस बसमध्ये बांधले. काकांनी सुरुवातीचे चार काउंट वाजवले आणि अकरा जण उजवीकडे झेपावले, मी डावीकडे. तिसऱ्या काउंटला शेजारच्या मुलीच्या खांद्यावर आपटले. आणि मग मी थांबले. तोंडावर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि बाकीचे मला वळसा घालून नाचत राहिले, तूसुद्धा, किती सुंदर नाचलीस! परीक्षकांनी माझ्या कागदावर लिहिलं, 'ठरलेल्या बाजूच्या विरुद्ध गेली. दिशाभान नाही.' सहावी जागा तुला मिळाली. तू जिन्यात माझ्या गळ्यात पडून रडलीस, म्हणालीस, घाईत झालं गं, मला वाटलं मी उलटंच करतेय. आणि मी, मी मूर्ख, तुला रुमाल दिला, पाठीवरून हात फिरवला, म्हटलं जाऊ दे, तू मुद्दाम का करशील. केसानं गळा कापणं म्हणतात ते माझ्या गळ्याला कळलं नाही, इतका बारीक केस होता तो.

पुढच्या वर्षी मी पुन्हा बसले. पण माझं डावं-उजवं गेलं होतं. उभं राहताना शेजारणीचा पाय बघितल्याशिवाय मला पाय टाकवेना, आणि जी शेजारी बघते ती अर्धा काउंट मागे राहते. परीक्षकांना काही लिहावंही लागलं नाही. नात्यातल्या लोकांनी नाचता येईना अंगण वाकडं म्हणून घेतलं. छडीवाल्या बाईंनी दया येऊन मला मदतनीस म्हणून ठेवलं, आणि मदतनिसाची मी शिक्षिका झाले. मी चांगली शिकवते, बगळे. माझ्या हाताखालून गेलेली मुलं मोठमोठ्या मंचांवर आहेत. मी मात्र वरच्या वर्गाच्या दाराच्या अलीकडेच राहिले. रागापेक्षाही वाईट एक गोष्ट होती, ती म्हणजे शंका. तू मुद्दाम केलंस की खरंच घाईत झालं? सव्वीस वर्षं मी तुला उगाच शिव्या देतेय की काय, या विचारानं मला धड रागावताही आलं नाही. तुझं छायाचित्र कुठे छापून आलं की एक मन म्हणायचं, हरामखोर, आणि दुसरं म्हणायचं, अगं पण ती बसनं आली होती, सँडविच घेऊन.

आणि मग या वर्षी, चाचणीच्या आधीच्या आठवड्यात, तुझी लेक तापानं आजारी पडली. सहा दिवस. मी ते बोटांवर दोनदा मोजले. मी तिच्या गैरहजेरीत तुकडा बसवला. चाचणीच्या आदल्या दुपारी ती आली, ओठ सुकलेले, मला म्हणाली, मॅडम, शिकवाल का? खोलीत दुसरा वर्ग चालू होता. मी म्हटलं, बाहेर ये. बाहेरच्या व्हरांड्यात आरसा नाही, हे तुलाही आठवत असेल. मी तिच्यासमोर तोंड करून उभी राहिले आणि माझ्या तोंडून तुझंच वाक्य बाहेर पडलं, मी उलटं करून दाखवतेय, तू फक्त माझा आरसा हो. तुला सांगते, उलटं न करता शिकवणं मला किती कठीण गेलं! वीस वर्षांची सवय, अंग आपोआप उलट वळत होतं. मला दर पावलाला स्वतःला दामटून सरळ ठेवावं लागलं. म्हणजे 'घाईत' होणारी गोष्ट नाही ती. त्या व्हरांड्यात मला पहिल्यांदा वाटलं की तुलाही असंच जपून, मोजून करावं लागलं असणार. पण तेवढ्यानं खात्री होत नाही, कारण तू तेव्हा वीस वर्षांची होतीस आणि तुला शिकवायची सवय नव्हती.

नवऱ्याला व्हरांड्यातल्या त्या दुपारच्या आदल्या दिवशीच बोलून चुकले होते. म्हटलं, बगळीचे दात पाडून तिच्या हातात देणार आहे. तो म्हणाला, दात पाडणं हा माझा धंदा आहे, तू नाच शिकव. आणि पाठोपाठ म्हणाला, शिवाय हे दात तिचे नाहीत, पोरीचे आहेत. मी त्याला गप्प बस म्हटलं.

चाचणीच्या दिवशी बारा जण तीन रांगांत उभे राहिले. बाहेरून आलेले दोन परीक्षक, शेजारी आमचे विभागप्रमुख. मी पियानोपाशी. तुझी लेक मधल्या रांगेत. तिनं डावा पाय पुढे टाकला. अकरा उजवे आणि एक डावा. नियम असा आहे, तुला ठाऊकच आहे, की नाच सुरू होण्याआधी कोणी चुकीचं उभं असेल तर शिक्षकानं हटकायला हरकत नाही. माझ्याकडे चार काउंट होते. ती सरळ माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं नाही. काकांनी वळून आधी तिचा पाय बघितला, मग माझं तोंड, आणि म्हातारा बिलंदर, त्यांनी सुरुवातीचे चार काउंट पुन्हा वाजवले. म्हणजे आठ झाले. मी आठही जाऊ दिले. माझ्या डोळ्यांसमोर ती नव्हतीच, तू होतीस, आणि मला तू आपटलेली बघायची होती.

अकरा जण उजवीकडे गेले आणि ती डावीकडे. पण ती आपटली नाही. शेजारचा तिच्या अंगावर येणार तेवढ्यात ती अर्धं पाऊल आधीच पुढे होती. दुसरा आला, त्याच्या मागून गेली. सगळे उजवीकडे फिरले, ती डावीकडे फिरली, आणि शेवटी सगळे जमिनीवर पडले तेव्हा ती त्यांच्या बरोबर मधल्या मोकळ्या जागेत पडली, श्वास आवरून. एक चूक नाही. बाई गं, मी अशी नाचले असते तर! परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, जे ते कधी करत नाहीत. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्यांना वाटलं, हे मी मुद्दाम बसवलंय! सगळ्यांच्या विरुद्ध जाणारी एकटी मुलगी, काय कल्पना आहे, असं म्हणून एकीनं माझा हात हातात घेतला. विभागप्रमुख म्हणाले, वार्षिक कार्यक्रमात हे असंच हवं. तुझी लेक मान खाली घालून ऐकत होती. तिच्या कागदावर वरच्या वर्गाचा शिक्का बसला आणि खाली शिक्षिकेची म्हणून सही मीच केली.

सगळे गेल्यावर ती थांबली. जमिनीवर बसून बोटांच्या पट्ट्या सोडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, तुमच्याकडे आठ काउंट होते, मॅडम. मग तिनं सांगितलं. तिला सगळं माहीत होतं. व्हरांड्यातून गेल्या गेल्या तिनं मैत्रिणीला गाठून बाजू तपासली होती आणि रात्रीपर्यंत तुकडा दोन्ही बाजूंनी पाठ केला होता, म्हणून तर कोण कुठून अंगावर येणार हे तिला कळत होतं. डावा पाय तिनं मुद्दाम टाकला. मी हटकते का, ते तिला बघायचं होतं. मी विचारलं, तपासावंसं का वाटलं तुला? माझ्यावर संशय आला? ती म्हणाली, नाही, मला तुम्ही आवडायच्या. पण आईनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, या बाई कधी समोरासमोर एकटीला शिकवायला लागल्या तर बाजू तपासून घे.

बगळे, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना! सव्वीस वर्षं मी ज्या उत्तरासाठी तडफडले ते तू तुझ्या लेकीच्या हातानं मला पाठवून दिलंस. असं काही करता येतं हे फक्त ज्यानं केलंय त्याला सुचतं. मला त्या क्षणी तुझ्या नावानं ओरडावंसं वाटलं, आणि खोटं नाही सांगत, आनंदही झाला. माझी शंका संपली. मी वेडी नव्हते. पण पोरीचं बोलणं संपलं नव्हतं. मी विचारलं, आईला हे कसं माहीत? तेव्हा ती म्हणाली, कारण तरुणपणी तुम्ही आईला असंच फसवलं होतं. आजी आजारी होती, तुम्ही इस्पितळात येऊन तिला चुकीच्या बाजूनं शिकवलंत, चाचणीत ती आपटली, आणि तरी जिद्दीनं वर गेली.

चोराच्या उलट्या बोंबा! आजीसुद्धा तू माझीच चोरलीस? माझी आई, माझा बोळ, माझं आपटणं, सगळं स्वतःच्या अंगावर चढवून लेकीला शूर आईची गोष्ट म्हणून सांगत बसलीस? मला जागा गेल्याचं एवढं लागलं नव्हतं. आणि त्यातलं सर्वांत वाईट हे की तू सांगितलेलं खोटं मी आदल्या दुपारी स्वतःच्या हातापायांनी खरं करून दाखवलं होतं. त्या पोरीच्या दृष्टीनं मी पहिल्यापासून तशीच होते, आणि आता पुरावाही दिला होता. इतकी वर्षं तुझ्यावर डाव उलटवायची वाट बघितली, आणि उलटला तो माझ्यावर.

मी उठले आणि विभागाचं जुनं कपाट उघडलं. आपल्याकडे कागद टाकत नाहीत, हे तू विसरलीस. त्या वर्षीच्या चाचणीची बारा पानं मी तिच्यासमोर जमिनीवर ठेवली. माझं पान तिनं वाचलं. मग तुझं, ज्यावर 'निर्दोष' लिहिलंय. तिनं दोन्ही पानं पुन्हा वाचली, तारखा बघितल्या. मला वाटलं ती रडेल, किंवा निदान माझ्या गळ्यात पडेल. ती माझ्या पानाकडे बघत म्हणाली, म्हणजे तुम्ही दोघी सारख्याच. आणि पट्ट्यांची गुंडाळी करून निघून गेली. मला ते झोंबलं, कारण मी चाळीस वेळा स्वतःला सांगून बघितलं की मी तुझ्यासारखी नाही, आणि प्रत्येक वेळी ते आठ काउंट आठवले. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना जाऊन खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, सुट्टीनंतर बोलू. पुढच्या वर्षी मी शिकवेन की नाही ठाऊक नाही. त्याबद्दल माझी कीव करू नकोस, माझं मी बघीन. पोरीची मात्र मी माफी मागितली. तुझी मागणार नाही, आणि तुला माफही करणार नाही. सव्वीस वर्षांत ते जमलं नाही, आता या वयात कशाला नवीन सवय लावू.

हे पत्र मी आपल्या मनानं लिहिलेलं नाही. काल ती माझ्या दारात आली, आत यायला तयार नव्हती. म्हणाली, मला तोंडी कोणाचंच ऐकायचं नाही. तुम्ही आईला सगळं लिहा, स्वतःचंही, काही गाळू नका, पाकीट चिकटवू नका, आणि माझ्याकडे द्या. वाचीन, आणि द्यावंसं वाटलं तर देईन. म्हणून लिहिलं. माझं नाव यात तुझ्याइतकंच काळं होतंय, होऊ दे, तेवढी किंमत मी आनंदानं मोजते. ती परवाच्या गाडीनं घरी येतेय. हे पान तुझ्या हातात पडलं असेल तर समज की तिनं एकूण एक ओळ वाचली आहे आणि वाचूनही तुला आणून दिलं आहे. मला उत्तर पाठवू नकोस. उत्तर जिला हवंय ती आत्ता तुझ्यासमोर उभी आहे.

म्हणवत नाही, तरीही तुझीच,
भिंगरी